नोमच्या किनाऱ्यावरचं सोनं: म्हाताऱ्याच्या थापेत खरं किती?

उत्तरवारा

मंडळी, नमस्कार. जुलैमध्ये अलास्कातल्या नोम गावी चार-पाच दिवस मुक्काम करायचा बेत आहे. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर हौशी माणसालाही वाळू धुवून सोनं काढता येतं. या किनाऱ्याबद्दल सोनं शोधणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या तोंडी घातलेली थाप ऐकली, ती माझ्या शब्दांत देतो:

“नोमला सोनं खणायचं नसतं रे पोरा, झाडायचं असतं. दर भरतीला दर्या नवा थर आणून टाकतो, आपण फक्त ओहोटीची वाट बघायची. एवढं बारीक सोनं, की एकदा ते पाण्यावर तरंगत निघालं आणि मला पोहत जाऊन धरावं लागलं. रात्री दाढी धुतली की दुसऱ्या दिवसाच्या न्याहारीचे पैसे निघत. पांघरायचं ब्लँकेट जुनं झालं म्हणून जाळलं, तर राखेत हिवाळ्याचा किराणा निघाला! मग समुद्राचा कंटाळा आला, म्हणून तासभर चालत आत गेलो आणि विहीर खणली. तर खाली काय? शिंपल्यांसकट दुसरा समुद्रकिनारा, आणि त्यावर पहिल्यापेक्षा जास्त सोनं. बादली भरली, खांद्यावर टाकली, तेवढ्यात अस्वल मागे लागलं. दोन मैल पळालो. अस्वल दमलं, मी नाही.”

हसून झाल्यावर प्रश्न पडला, की यातलं निखळ खोटं किती आणि कशावर तरी उभारलेलं किती? दुसरं म्हणजे, खरोखर वाळू धुवायची तर सामान काय लागेल, पद्धत काय, आणि सोनं हातचं जातं ते नेमकं कुठे? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

वाळूपरीक्षक

थाप छान आहे, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरीच खरी आहे. सगळ्यात चुकीचं वाक्य सुरुवातीलाच आहे, भरतीचं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

‘समुद्र सोनं आणून टाकतो’ ही समजूत १८९९ पासूनची आहे. सप्टेंबर १८९८ मध्ये नोमजवळच्या अँव्हिल क्रीक या ओढ्यात लिंडेबर्ग, लिंडब्लॉम आणि ब्रिंटेसन या तिघांना सोनं सापडलं. पुढच्या उन्हाळ्यात गावासमोरच्या वाळूतच सोनं आहे हे लोकांच्या लक्षात आलं. भरतीरेषेखालच्या वाळूवर कोणालाही खाणीचा हक्क नोंदवता येत नव्हता, त्यामुळे ज्याच्या हातात फावडं तो मालक. उभ्या जागेवरून फावडं पोचेल तेवढी जागा आपली, असा तिथला रिवाज पडला. त्या एका उन्हाळ्यात सुमारे २,००० माणसांनी दहा लाख डॉलरहून जास्त किमतीचं सोनं काढलं. तेव्हा औंसाचा भाव २०.६७ डॉलर होता, म्हणजे हिशेब दीड टनाच्या पुढे जातो. १९०० मध्ये जहाजं भरभरून सुमारे २०,००० माणसं उतरली. बेरिंग समुद्राचा तळच सोन्याचा असणार, असं मानून कित्येकांनी तळाची वाळू उपसायची अवजड यंत्रं बरोबर आणली होती. ती लाटांनी मोडली किंवा वाळू-गोट्यांनी तुंबली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या वादळात किनाऱ्यावरची वसाहतही उद्ध्वस्त झाली.

आता खरं कारण. सोन्याचं मूळ आहे नोम ज्यावर वसलंय त्या सीवर्ड द्वीपकल्पाच्या डोंगरांत. हिमयुगातल्या हिमनद्यांनी ते दगडमातीबरोबर किनाऱ्यापर्यंत, काही ठिकाणी आजच्या समुद्रतळापर्यंत ओढून आणलं. समुद्राचं काम त्याच्या नंतरचं. लाट वर चढते ती जोरात आणि सगळं घेऊन. परतताना तिचं बरंचसं पाणी वाळूत मुरतं, जोर कमी होतो, आणि ती फक्त हलके कण मागे नेते. सुपात धान्य पाखडल्यासारखं हे अखंड चालू असतं. साध्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) वाळूची घनता पाण्याच्या २.६५ पट, तांबूस गार्नेट खनिजाची ४ च्या आसपास, काळ्या लोहखनिजांपैकी इल्मेनाइटची ४.७, मॅग्नेटाइटची ५.२, आणि नैसर्गिक सोन्याची १५ ते १९. पांढरी वाळू जाते, जड ते मागे राहतं.

म्हणून समुद्र नवं सोनं आणत नाही, असलेलंच पुन्हापुन्हा निवडतो. वादळाने किनारा खरवडला की जुन्या गाळातलं थोडं सोनं मोकळं होऊन नवी जड रेघ तयार होते. जुने लोक ‘नवा थर आला’ म्हणत ते हेच. पण हे काम वादळाचं, भरतीचं नव्हे. नोमला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्धा मीटर असतो. आपल्या रत्नागिरीच्या मानाने ती भरती नावापुरतीच. तिथे पाणी चढतं-उतरतं ते मुख्यतः वाऱ्याने. तेव्हा भरतीचं वेळापत्रक पाठ करत बसू नका, गेल्या आठवड्यात दक्षिणेकडून जोराचा वारा होता का ते विचारा.

---

सह्याद्रीखडक

विहिरीतल्या किनाऱ्याबद्दल मी लिहितो, कारण थापेतला सगळ्यात अविश्वसनीय भाग तोच आहे आणि तो जवळजवळ शब्दशः खरा आहे.

नोमच्या मागच्या सपाट, दलदलीच्या टुंड्राखाली जुने समुद्रकिनारे गाडलेले आहेत. समुद्राची पातळी वेगवेगळ्या काळी वेगवेगळी होती. प्रत्येक वेळी किनारा नव्या जागी तयार झाला आणि तिथेही लाटांनी तेच निवडण्याचं काम केलं. खाणकामगारांनी त्यांना क्रमांकच दिले. आजचा तो पहिला किनारा, दुसरा साधारण ३७ फूट उंचीवर, आणि तिसरा ७० फुटांच्या पुढे, आजच्या पाण्यापासून काही किलोमीटर आत. हा तिसरा किनारा १९०४-०५ च्या सुमारास हाती लागला आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत निघाला. शिंपलेही खरे आहेत, या थरांत समुद्री शंखशिंपल्यांचे अवशेष सापडतात.

पण म्हाताऱ्याने एक गोष्ट गाळली. तिथली जमीन बारमाही गोठलेली आहे. सहज विहीर खणायचा प्रश्नच नाही. बॉयलर लावून लोखंडी नळ्यांतून वाफ जमिनीत सोडायची, तासन्‌तास वितळू द्यायची आणि मग फावडं घालायचं. हिवाळाभर अशी माती वर काढून ढीग घालत आणि उन्हाळ्यात पाणी मोकळं झालं की धूत. हौशी माणसाने त्या बाजूला जाऊच नये. जमीन कोणाच्या ना कोणाच्या मालकीची किंवा नोंदवलेल्या हक्काची आहे, आणि जुने आडवे-उभे बोगदे खाली तसेच आहेत.

---

तराजू

अस्वलापुरतं बोलतो. बादली १० लिटरची धरा. नोमच्या सोन्याची शुद्धता साधारण ९० टक्क्यांच्या आसपास, उरलेलं मुख्यतः चांदी. म्हणून घनता १७.५ धरू. भरीव असतं तर १७५ किलो. बारीक भुकटीत निम्मी जागा पोकळ मानली तरी ८७ किलो. कडी आधी तुटेल.

उलट बाजूनेही मोजून ठेवा, म्हणजे अपेक्षा ताळ्यावर राहते. अर्धा मिलिमीटर रुंद आणि दशांश मिलिमीटर जाड अशी सोन्याची टिकली सुमारे ०.३५ मिलिग्रॅम भरते. एका ग्रॅमला अशा अडीच-तीन हजार टिकल्या. टिकली ०.२ मिलिमीटरची आणि ०.०३ जाडीची असली, तर ग्रॅमला पन्नास-साठ हजार. नोमच्या किनाऱ्यावर बहुतेक माल या दोन मापांच्या मधला किंवा त्याहून बारीक. पॅनमध्ये, म्हणजे वाळू धुवायच्या पसरट थाळीत, वीस ठिपके चमकले तर जागा चांगली म्हणायची, पण वजनकाट्यावर आकडा हलणार नाही.

---

झारी

तरंगणारं सोनं, दाढी आणि ब्लँकेट, तिन्ही माझ्या विषयातली. आणि तिन्हींत तथ्य आहे.

सोनं पाण्याने सहजी भिजत नाही, त्यात त्यावर तेलाचा लवलेश असला तर अजिबात नाही. पिठासारखी बारीक चपटी टिकली कोरडी असताना पाण्यावर पडली की पृष्ठताण तिला धरून ठेवतो आणि ती खरोखर तरंगत जाते. यावर उपाय म्हणजे भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब. एकच. जास्त झाला तर फेस होतो आणि फेसाबरोबर सोनं काठावरून उतरतं. नव्या प्लॅस्टिकच्या पॅनला साच्यातलं तेल असतं. आधी साबण आणि मूठभर वाळू घेऊन तो रखरखीत होईपर्यंत घासा. हाताला सनस्क्रीन किंवा डास पळवायचं मलम लावून पॅनमध्ये बोटं घालू नका. जुलैत तिथे डास भरपूर, त्यामुळे ही चूक हमखास होते. मलम कोपरापासून वर लावा, हातात रबरी मोजे घाला. वाळू पॅनमध्ये आल्यावर पहिलं काम ती पाण्याखाली पूर्ण भिजवून हाताने कालवायची, कोरडा कण वर राहता कामा नये.

दाढीत न्याहारीचे पैसे निघणार नाहीत, पण तेलकट केसाला सोन्याची भुकटी चिकटते हे शंभर टक्के खरं. लोकरीने सोनं धरायची रीत तर फार जुनी. कोल्किसमधले लोक, म्हणजे आजच्या जॉर्जियाच्या बाजूचे, ओढ्यात लोकरीची कातडी टाकून सोनं धरतात असं प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने नोंदवून ठेवलं आहे.

ब्लँकेट जाळणं ही थाप नव्हेच, तो धंद्याचा भाग होता. वाळू धुण्याच्या पन्हाळीत, म्हणजे पाणी वाहतं अशा उतरत्या लांब खोक्यात, तळाला ब्लँकेट किंवा गालिचा अंथरायचे. धाग्यांत अडकलेलं सगळं सोनं झटकून निघत नाही, म्हणून जुनं झालं की जाळायचं आणि राख पॅनमध्ये धुवायची. आपल्याकडे झारेकरी दुसरं काय करतात? सराफकट्ट्यावरची झाडलेली धूळ, मुशीजवळची राख, पायपुसणं, सगळं धुवून त्यातून सोनं काढायचं. पूर्व विदर्भापासून छत्तीसगडपर्यंत सोनझरी लोक नदीच्या वाळूत लाकडी पात्राने हेच करत आले. त्यांच्या हाताची ती गोल फिरकी आणि नोमच्या माणसाची फिरकी यांत तत्त्वाचा काडीचा फरक नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. पारा. नोमच्या जुन्या कामगारांनी तांब्याच्या पत्र्यावर पारा चोळून बारीक सोनं धरलं, आणि त्यातला काही पारा वाळूत गेला. आजही एखादा कण पिवळा न दिसता चांदीसारखा पांढुरका दिसला, तर त्यावर पारा बसलेला असू शकतो. तो वेगळ्या बाटलीत पाण्याखाली ठेवा. ‘तापवलं की पिवळं होतं’ असं कोणी सांगितलं तरी तापवू नका. ती वाफ फुप्फुसातून थेट रक्तात जाते, तिला वास नाही आणि बंद खोलीत ती टिकून राहते.

---

उत्तरवारा

अहो, हे तर सोनंच दिलंत तुम्ही लोकांनी! आता प्रत्यक्ष कृती सांगाल का? किनाऱ्यावर उभा राहिलो, हातात फावडं आहे, पुढे काय? आणि काळी वाळू दिसली म्हणजे सोनं आहे असं समजायचं का? तसं असेल तर गणपतीपुळ्याला इतकी काळी वाळू आहे, तिथे का नाही?

---

वाळूपरीक्षक

आधी जागा. गावाच्या पूर्वेला किनाऱ्याचा मोठा पट्टा हौशी लोकांना हातसामानाने धुवायला मोकळा असतो. हद्द मात्र अंदाजाने ठरवू नका, गावातल्या पर्यटन केंद्रातून चालू वर्षाचा नकाशा आणि नियम घ्या. दोन तंबूंमधली जागा दिसायला मोकळी असली तरी तिथे कोणाचा तरी हक्क असू शकतो. पंप किंवा कुठलंही इंजिन लावणार असाल तर परवानगीची गोष्ट वेगळी, ती आधी विचारा.

मग किनाऱ्याला समांतर न खणता आडवा चर घ्या, म्हणजे पाण्याच्या काठापासून वर वादळाने टाकलेल्या ओंडक्यांच्या रांगेपर्यंत. रुंदी फावड्याची, खोली गुडघ्याएवढी. नोमच्या आसपास झाडं नाहीत. ओंडके दिसतात ते दूरच्या नद्यांतून वाहत आलेले, आणि मोठ्या वादळाचं पाणी कुठवर पोचलं याची ती खूण. चराच्या उभ्या भिंतीवर पाणी शिंपडून ती साफ करा. करड्या वाळूत आडव्या रेघा दिसतील, काही काळ्या, काही तांबूस. नोमला तांबूस रेघ महत्त्वाची. गार्नेटचे दाणे तिला तो रंग देतात, आणि तिथले लोक तिला माणकाची वाळू म्हणतात. जाडी कधी बोटाच्या पेरभर, कधी सुरीच्या पात्याइतकी. प्रत्येक रेघेतून दोन मुठी वाळू वेगळी घेऊन वेगळी धुवा, ठिपके मोजा, त्या जागी काडी रोवून आकडा लिहा. नवखे लोक इथे घाई करतात. सगळ्या चराची वाळू एकत्र कालवतात आणि हातभर रिकाम्या वाळूत चांगली रेघ हरवून बसतात.

खाली निळसर किंवा करडी चिकणमाती लागली तर थांबा, तो खोटा तळ. सोनं तिच्यातून खाली जाऊ शकत नाही, म्हणून तिच्या पाठीवर साठतं. मातीचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा पापुद्राही खरवडून घ्या, पण पन्हाळीत तसाच टाकू नका. चिकणमातीचे गोळे गडगडत जाताना वाटेतलं सोनं अंगाला चिकटवून बाहेर घेऊन जातात. बादलीत पाणी घालून माती पूर्ण विरघळेपर्यंत हाताने मोडा, गढूळ पाणी हळू ओता, मग उरलेलं धुवा.

मोकळ्या वाळूत कमरेच्या खाली खड्डा नेऊ नका. भिंत सांगून कोसळत नाही. निघताना चर बुजवा.

काळ्या वाळूबद्दल: ती जड खनिजांची खूण आहे, सोन्याची नव्हे. सोनं असेल तर बहुधा तिच्यात असतं; पण ती असली म्हणजे सोनं असतंच असं नाही. गणपतीपुळ्याचं सह्याद्रीखडक सांगतील.

---

सह्याद्रीखडक

सांगतो. मालगुंड, नेवरे, काळबादेवी, पूर्णगड या पट्ट्यातली काळी वाळू म्हणजे मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट. लाटांनी ती निवडली त्याच पद्धतीने, वर वाळूपरीक्षकांनी लिहिलंय तशी. फरक आहे तो मागच्या डोंगरात. सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजला, त्यातलं लोह-टायटॅनियमचं खनिज समुद्राला मिळालं. सोनं धरून ठेवणाऱ्या गारेच्या शिरा त्या बेसॉल्टमध्ये नाहीत. लाट कितीही हुशार असली तरी नसलेलं निवडणार कुठून?

उलट न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा बघा. ओकारिटो, चार्ल्सटन, गिलेस्पीज बीच. १८६० च्या दशकात तिथल्या काळ्या वाळूत सोनं निघालं, कारण मागच्या दक्षिण आल्प्सच्या खडकांत ते होतं आणि नद्या-हिमनद्यांनी खाली आणलं. मराठी मंडळी तिकडे बरीच आहेत, म्हणून सांगतो. सरकारने ठरवून दिलेल्या जागांत हाताने वापरायच्या, बिनइंजिनाच्या साधनांनी तिथे कोणालाही धुता येतं.

आणि कोकणातली वाळू ‘नमुना’ म्हणून पोत्याने उचलून आणायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडा. किनाऱ्यावरच्या या खनिजांवर खाणकायद्याची कडक बंधनं आहेत.

---

झारी

आता धुण्याची कृती. पाच दिवसांसाठी सामान असं ठेवा: १४ इंची प्लॅस्टिक पॅन दोन (गडद हिरवा किंवा निळा, काळ्या वाळूवर काळा पॅन डोळ्यांना त्रास देतो), २० लिटरच्या बादल्या तीन, बादलीवर बसणाऱ्या चाळण्या तीन (इंचाला ८, २० आणि ५० भोकांच्या), एक हलकी अॅल्युमिनियमची पन्हाळ म्हणजे स्लूस (तळाला चटई आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या असलेली), कण ओढून घेणारी नरम प्लॅस्टिकची बाटली, काचेच्या लहान कुप्या आणि एक चांगलं लोहचुंबक. पाणी जुलैतही हाडं गोठवणारं असतं, म्हणून कोपरापर्यंतचे जाड रबरी मोजे.

किनाऱ्यावर फक्त ८ ची चाळणी वापरा. तिच्यावर राहील ते गोटे. एक नजर टाका आणि फेका. खाली पडेल ते पन्हाळीत. पन्हाळीला उतार फुटाला एक इंच इथून सुरुवात करा आणि पाण्याच्या जोराप्रमाणे कमीजास्त करा. लाटेच्या पाण्यावर पन्हाळ नीट चालत नाही, प्रवाह एकसारखा नसतो. म्हणून किनाऱ्याला मिळणाऱ्या ओहोळात मांडा, किंवा वरून मगाने पाणी ओता.

खरं तर इथे जुना रॉकर, म्हणजे झुलवून वाळू धुवायची पेटी, सरस, कारण त्याला वाहतं पाणी लागतच नाही. पाळण्यासारख्या वाकड्या पायांवर पेटी; वर अर्ध्या इंचाच्या भोकांचा पत्रा, त्याखाली मागे उतरता ताणलेला कॅनव्हास, आणि सगळ्यात खाली आडव्या पट्ट्या ठोकलेला, ब्लँकेट अंथरलेला तळ. एका हाताने झुलवायचा, दुसऱ्या हाताने पाणी ओतायचं. बारीक सोनं बरंचसं कॅनव्हासवरच अडकतं. १८९९ ला हजारो माणसांनी यानेच काम केलं. झुलवताना शेवटी हलका धक्का बसला पाहिजे, नुसतं डुलणं नको. धक्का नसेल तर काळी वाळू घट्ट बसते आणि सोनं तिच्यावरून घसरून जातं.

पन्हाळीतही हीच गोम आहे. पट्टीच्या मागे वाळू सतत नाचताना दिसली पाहिजे. नाचत नसेल तर पाणी कमी किंवा उतार कमी. पट्टीमागे वाळूच उरत नसेल, तळ उघडा पडत असेल, तर पाणी जास्त आणि पिठासारखं सोनं केव्हाच गेलंय. काळी-तांबूस वाळू चटईच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या खाली उतरू लागली की थांबून चटई धुवा. नोमच्या वाळूत जड माल इतका, की तासाभरात ही वेळ येते. आणि बाहेर पडलेली वाळू अधूनमधून पॅनमध्ये धुवून बघाच. तिच्यात ठिपके दिसले तर जागा नव्हे, मांडणी चुकते आहे.

पॅनचा हात बसला की नाही हे घरीच तपासता येतं. शिशाचे बारीक छरे हातोडीने चपटे करून बारा-पंधरा मोजून वाळूत मिसळा (मोजे घालून) आणि धुवा. सगळे परत मिळेपर्यंत सराव. शिसं सोन्यापेक्षा खूपच हलकं. ते टिकवता आलं तर सोनं टिकेल. पॅनमध्ये मुख्य काम हलवून थर लावण्याचं, ओतण्याचं नव्हे. पाण्याखाली डावी-उजवीकडे जोरात दहा हेलकावे, मग काठ थोडा कलता करून वरचा हलका थर दोन-तीन लाटांनी जाऊ द्यायचा, परत हेलकावे. सोनं खाली जायच्या आधी ओतलं की ते गेलं.

शेवटचा काळा माल किनाऱ्यावर साफ करत बसू नका. दोन-तीन किलो झाला की बादलीत भरून मुक्कामी न्या आणि गोड्या पाण्यात, मोठ्या टबात धुवा. बेसिनमध्ये कधीच नाही, नळीत गेलेलं परत येत नाही. आधी २० च्या आणि मग ५० च्या चाळणीने तीन ढीग करा आणि प्रत्येक वेगळा धुवा. कण एकाच मापाचे झाले की फक्त वजनाचा फरक उरतो आणि काम सोपं होतं. मिसळून धुतलं तर मॅग्नेटाइटचा मोठा दाणा सोन्याच्या लहान टिकलीइतकाच हट्टी असतो.

लोहचुंबक पिशवीत गुंडाळून, पाण्याखाली फिरवा. मॅग्नेटाइटचे दाणे झुबक्याने धावतात आणि सोनं मध्ये पकडून नेतात, म्हणून झुबका दुसऱ्या पाण्यात सोडायचा, परत उचलायचा, असं तीनदा. गार्नेट आणि इल्मेनाइट साध्या चुंबकाला दाद देत नाहीत, ते पॅननेच काढावे लागतात.

---

दर्यावर्दी

मेटल डिटेक्टरबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. पिठासारखं सोनं डिटेक्टरला दिसत नाही. हजार टिकल्या एका जागी असल्या तरी प्रत्येक सुटी, आणि सुटी टिकली यंत्राच्या आवाक्याबाहेर. त्यावर काळ्या वाळूतलं मॅग्नेटाइट आणि खारं पाणी, दोन्ही मिळून एकाच वारंवारतेचं साधं यंत्र सतत किरकिरत ठेवतात.

डिटेक्टर किनाऱ्यावर कामाचा तो हरवलेल्या अंगठ्या-साखळ्यांसाठी. ओल्या वाळूत एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारं किंवा पल्स पद्धतीचं यंत्र लागतं. पल्सवालं खारट पाण्यात शांत आणि खोल जाणारं, पण त्याला लोखंड आणि सोनं यांतला फरक फारसा कळत नाही; प्रत्येक खिळा खणावा लागतो. अनेक वारंवारतांचं यंत्र आकडा दाखवतं, पण पातळ सोन्याच्या अंगठीचा आकडा आणि पेयाच्या डब्याच्या अॅल्युमिनियमच्या कडीचा आकडा एकाच पट्ट्यात येतो. कड्या गाळायला गेलात तर अंगठ्याही गाळल्या जातात. कॉइल, म्हणजे यंत्राची खालची चकती, वाळूला समांतर, जवळजवळ टेकवून, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवून फिरवा; टोकाला हात वर उचलला जातो आणि तिथली खोली वाया जाते.

आपल्याकडच्या किनाऱ्यावर फिरवणार असाल तर १८७८ चा निखात निधी कायदा लक्षात ठेवा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. दहा रुपयांचा आकडा तेव्हाचा आहे, म्हणून एखादं जुनं नाणंसुद्धा त्यात बसतं. लपवलं तर शिक्षा आहे. संरक्षित किल्ल्यांच्या आणि स्मारकांच्या हद्दीत तर यंत्र बाहेरच काढू नये.

---

उत्तरवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. डिटेक्टर यादीतून काढला, चाळण्या आणि दुसरा पॅन वाढवला. एक शेवटचं: जे काही निघेल ते वाळवायचं आणि मोजायचं कसं? आणि पाच दिवसांत हातात काय यावं अशी अपेक्षा ठेवू?

---

तराजू

कुपीतलं पाणी बाटलीने ओढून घ्या, सोनं काचेच्या लहान ताटलीत उतरवा आणि दिव्याखाली किंवा उन्हात आपोआप वाळू द्या. आचेवर नको, पाऱ्याचं झारींनी लिहिलंच आहे, आणि उकळी आली की टिकल्या उडतात. वाळल्यावर गुळगुळीत कागदावर पसरा, कागद तिरपा धरून मागून टिचक्या मारा आणि उरलेली काळी धूळ हलक्या फुंकरीने दूर करा. फुंकायच्या आधी खाली दुसरा मोठा कागद अंथरा.

वजनाला ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा पुरे, आधी कोरडी कुपी तोलून घ्या. ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, जुना तोळा ११.६६. विकणार असाल तर शुद्धता ९० टक्क्यांच्या आसपास धरून हिशेब करा, आणि घेणारा वितळवण्याची घट कापणार हेही धरा.

आकडा कोणी खात्रीने सांगू शकणार नाही, तो रेघेवर अवलंबून आहे. तुमचा वेळ मात्र असा वाटा: पहिला पूर्ण दिवस फक्त चर आणि नमुने, पन्हाळ बाहेरच काढू नका. ज्या रेघेत मुठीमागे सगळ्यात जास्त ठिपके, तिच्यावर मधले तीन दिवस. शेवटचा दिवस मुक्कामी माल साफ करायला. आणि मध्ये दक्षिणेचा वारा सुटला तर तो संपेपर्यंत किनाऱ्यापासून दूर राहा. नंतर जुन्या चरापाशी पुन्हा नमुने घ्या, रेघ सरकलेली असेल.